वाजवून केलेला रजेचा अर्ज

माझ्या आवडत्या संगीतकाराचं नाव मी इथे लिहिणार नाही. एक तर ते मला अजून नीट उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याच्यापायी मला एकदा लेखी खुलासा द्यावा लागला आहे. युरोपातल्या एका संस्थानिकाच्या पदरी त्याने तीसेक वर्षं नोकरी केली आणि नोकरी सांभाळून ढीगभर रचना केल्या. बऱ्याचशा नुसत्या वाद्यांच्या. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, देवाचं नाव नाही. अशा माणसाचा नाद नांदेड जिल्ह्यातल्या, लोह्याजवळच्या एका खेड्यातल्या पोराला का लागावा, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. मी दिलेलं उत्तर कचेरीतल्या साहेबांनाही पटलं नव्हतं.

नाद लागला तो नांदेडला, कॉलेजात. आमचे इंग्रजीचे सर परदेशात राहून आलेले होते. तिथून येताना लोक घड्याळं, कोट असं काहीबाही आणतात. सरांनी याच संगीतकाराच्या कॅसेटी आणल्या होत्या. रविवारी सकाळी ते खोलीचं दार उघडं ठेवून त्या लावत आणि ज्याला यायचं त्याने यावं म्हणत. पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण गेलो. तिथे चहा मिळत नाही हे कळल्यावर पुढच्या रविवारी मी एकटाच उरलो. मला संगीत कळत होतं असं मुळीच नाही. पण समोर बसलेल्या माणसाला एखादी गोष्ट एवढी आवडते आहे आणि आपल्याला का नाही, याचा मला राग यायचा. त्या रागापायी मी ऐकत राहिलो, आणि कधीतरी राग गेला, ऐकणं राहिलं.

त्यातल्या तीन रचना माझ्या आवडत्या. त्यांना मी माझीच नावं ठेवली आहेत, कारण मूळची नावं आणि नंबर माझ्या लक्षात राहत नाहीत. पहिली 'घड्याळ'. तिच्यात मागे संथ टिकटिक चालू असते आणि वर एक चाल निवांत फिरत असते, कचेरी सुटायला अर्धा तास उरला की कारकून फिरतो तशी. दुसरी 'दचका'. ती अशी हळुवार सुरू होते की माणूस पेंगू लागतो, आणि मग सगळी वाद्यं मिळून एकदम दणका देतात. जेवून येऊन मैफलीत झोपणाऱ्या प्रतिष्ठित लोकांसाठी ही सोय होती म्हणतात. तिसरी 'रजा', आणि ती सगळ्यांत लाडकी.

तिची हकिगत सरांनी सांगितली ती अशी. संस्थानिकाने एकदा आपला उन्हाळी मुक्काम लांबवला तो लांबवलाच. वादकांची बायकापोरं दूर गावी. रजा मागायची कोणी आणि कशी? तेव्हा या गृहस्थाने एक रचना केली. तिच्या शेवटी एकेका वादकाचं वाजवणं संपतं, तो समोरची मेणबत्ती फुंकतो, वाद्य काखेत मारतो आणि निघून जातो. असं करत करत शेवटी दोन व्हायोलिनं उरतात, तीही अगदी दबक्या आवाजात, आणि मग संपतं. मालक काय समजायचं ते समजला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने सगळ्यांना घरी सोडलं. "लोक तिकीट काढून ऐकतात असा जगातला हा एकच रजेचा अर्ज," असं सर म्हणायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती कॅसेट मला देऊन टाकली.

आता घरची बाजू सांगतो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. आमची वस्ती बौद्ध झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. त्याआधी दादा गावचे सनईवाले होते. गावात लग्न असो, पोळा असो, पाहुण्याची मिरवणूक असो, आमच्या ताफ्याने वाजवायचं. मांडवाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर मांडवाच्या बाहेरच बसून जेवायचं. याला गावात 'मान' म्हणत. दीक्षा घेतल्यावर वस्तीने ठरवलं की हा मान आता गावाने आपल्याजवळच ठेवावा. पण ठरवणं वेगळं आणि ऐन लग्नात वाद्य खाली ठेवणं वेगळं. एका मोठ्या घरच्या लग्नात ताफा वाजवता वाजवता थांबला, वाद्यं खाली ठेवून निघून आला. नंतर गावाने पाणी तोडलं, काम तोडलं, ते सगळं झालं. ताफ्यातले बाकीचे तिघे पुढे एकेक करून वारले आणि दादा एकटे उरले. त्यामुळे दर जयंतीला वक्ते 'पहिली सनई ज्यांनी खाली ठेवली' असं म्हणून दादांना पुढे बोलावत, हार घालत. दादा मान खाली घालून उभे राहत. केवढा नम्र माणूस, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

घरात त्यांचा एकच कायदा होता. शब्द असतील तर ते गाणं. शब्द नसतील तर ते बलुतं. भीमगीतं ते मांडी ठोकून ऐकत, कारण त्यांत बोल होते, अर्थ होता. रेडिओवर नुसतं वाद्य लागलं की ते उठून कान पिळायचे, रेडिओचा. "कोनासाठी वाजवून राहिला त्यो? कोन जेवायलंय आत?" असं विचारायचे. अशा माणसाच्या पोटी जन्म घेऊन मी जगातल्या सगळ्या व्यसनांतून नेमकं नुसत्या वाद्यांचं व्यसन निवडलं. दारू प्यायलो असतो तर दादांनी मला बदडलं असतं आणि माफ केलं असतं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि माझी तिकडे बदली झाली. नवा जिल्हा म्हणजे आधी पाटी आली, मग साहेब आले, मग आम्ही आलो, आणि सगळ्यांत शेवटी खुर्च्या आल्या. आमची कचेरी कोणती ते सांगत नाही. एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात ती होती, एवढं पुरे. फायलींना पेंडीचा वास यायचा. आम्ही सगळे उस्मानाबाद, बीड, परभणी, नांदेड असे चहूकडून गोळा केलेले, बायकापोरं मागे ठेवून आलेले. माझं तर लग्नच व्हायचं होतं, त्यामुळे मी सुखी समजला जाई. माझ्याकडे टेबल होतं रजेचं.

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. पण 'दुष्काळ' हा शब्द कागदावर लिहायची आम्हाला मनाई होती. 'टंचाईसदृश परिस्थिती' असं लिहायचं. लोक पाण्यासाठी भांडत होते ते मात्र शुद्ध मराठीत. टंचाईमुळे सगळ्यांच्या रजा बंद झाल्या, आणि त्या बंद आहेत हे प्रत्येकाला वेगवेगळं कळवणं हे माझं काम. "टंचाईसदृश परिस्थिती लक्षात घेता आपली रजा मंजूर करता येत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पुढे त्याचा शिक्काच करून घेतला. आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या अव्वल कारकुनांना त्यांच्या तान्ह्या मुलीचं तोंड बघायचं होतं. मी त्यांना तीनदा शिक्का मारून दिला. दिवसभर असे शिक्के मारायचे आणि सकाळी दाढी करताना संस्थानिकाकडे रजा मागणारी रचना ऐकायची, यात काही विसंगती आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. नोकरीत ते येत नाही.

उन्हाळ्यात गावाकडून निरोप आला की दादा पडले. विहीर तळाला गेली होती. घागर घेऊन पायऱ्या चढताना पाय घसरला आणि कमरेला मार लागला. घरात दुसरं कोणी नाही. आई मी शाळेत असतानाच गेली होती. मी माझाच रजेचा अर्ज लिहिला, त्यावर माझाच शिक्का मारला, फाडून टाकला आणि रविवारच्या रविवारी जाऊन दादांना घेऊन आलो. पाणी नाही म्हणून पाणी नसलेल्या खेड्यातून पाणी नसलेल्या शहरात. फरक एवढाच की लातुरात टँकर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत यायचा आणि पायऱ्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा पडले तर उठणार नाहीत. त्यांना गावी पाठवू नका." तेव्हा काहीही करून दादांना माझ्याजवळ ठेवणं, एवढंच माझं त्या उन्हाळ्यातलं काम होतं. मी टेप ट्रंकेत कपड्यांखाली लपवला. दादा सकाळी टँकरच्या रांगेत नंबर धरायला जात. त्यांना ते आवडायचं. रांगेत राजकारण बोलायला मिळे. तेवढ्या पाऊण तासात मी टेप बाहेर काढायचो.

इथे त्या काळचा एक रिवाज सांगितला पाहिजे. मोठा पुढारी गेला की रेडिओवर गाणी बंद होत आणि दिवसभर नुसती वाद्यं वाजत. शाळा सुटत, कचेऱ्यांना सुटी मिळे. त्यामुळे बिनशब्दांचं, रडवेलं असं काही कानावर पडलं की आमच्याकडचा माणूस राग कोणता ते विचारत नसे. तो विचारायचा, "कोण गेलं?"

त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. माझा टेप सेलवर चालायचा. मी 'रजा' लावली होती, शेवटचा भाग चालू होता, आणि मी तोंडात ब्रश धरून भान हरपून उभा होतो. दारात अव्वल कारकून आले. हातात रिकामी घागर.

"कोण गेलं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

मला वाटलं, गृहस्थाला यातलं कळतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. मी बोट ओठांवर ठेवलं. "एकेक चाललेत," मी म्हणालो. "सगळ्यांत मोठा तर आत्ताच गेला." ते वाद्य खरोखरच फार मोठं असतं, उभ्या माणसाएवढं.

अव्वल कारकुनांनी घागर खाली ठेवली. "अरेरे! आणि बाकीचे?"

"आता दोघंच उरलेत. तेही जातील."

ते घागर तिथेच ठेवून निघून गेले. मला त्यांचं कौतुक वाटलं. मी सावकाश अंघोळ केली, म्हणजे तांब्याभर पाण्याने तोंड पुसलं, आणि कचेरीला गेलो तर दाराला कुलूप. पायरीवर शिपाई बसला होता. त्याने सांगितलं की शोकसभा झाली, दोन मिनिटं उभं राहून झालं, ठराव झाला आणि मंडळी उस्मानाबाद, बीड, परभणीच्या गाड्या पकडायला स्टँडवर गेली. "कोणाची शोकसभा?" मी विचारलं. त्याने मला ठरावाचा कागद दाखवला. सुवाच्य अक्षरात देशाची अपरिमित हानी झाली होती. नावाच्या ठिकाणी जागा कोरी सोडली होती, वीज आल्यावर रेडिओ ऐकून भरायची म्हणून.

साहेब त्या सकाळी जीपने टँकर तपासायला गेले होते. बाराला आले आणि कुलूप बघून त्यांनाही वाटलं की आपल्यालाच उशिरा कळलं. खरं काय ते कळल्यावर त्यांनी मला समोर उभं केलं.

"हा जो तुमचा कोण आहे वाजवणारा, तो कुठे असतो?"

"साहेब, तो वारला."

"म्हणजे निधन झालंय हे खरं?"

"हो साहेब, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी."

साहेबांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी द्या." मी दिलं. "सदर इसमाचे निधन झाले ही बाब वस्तुस्थितीस धरून आहे. तथापि त्याबाबतची माहिती कर्मचाऱ्यांपर्यंत विलंबाने पोहोचल्याचे दिसून येते." तो कागद अजून कुठल्यातरी फायलीत असेल. इतक्या वर्षांनी त्या माणसाचा अर्ज दुसऱ्यांदा मंजूर झाला, आणि अव्वल कारकुनांनी आपल्या मुलीचं तोंड पाहिलं. माझ्या नोकरीतलं ते बहुधा एकमेव चांगलं काम, आणि तेही मी ब्रश तोंडात असताना केलं.

पण ही गोष्ट टँकरच्या रांगेत पोहोचायला किती वेळ लागणार? संध्याकाळी पाचला घरी आलो तर दादा पिशवी भरून दारात बसले होते. शेजारी काठी. त्यांच्यासमोर, ट्रंकेतून काढलेला, माझा टेप.

"तुह्या बाज्यानं म्हनं दफ्तर बंद पडलं," ते म्हणाले. "माह्या माघारी वाजंत्री लावून राहिलास. मी जातो. साडेपाचची गाडी हाय."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले ते आठवा."

"पडलो तर पडलो. ज्या घरात वाजंत्री त्या घरात मी न्हाई."

टेप उचलून आपटायचा, असं माझ्या मनात आलं. मी तो आपटलाही असता. पण मग दादा राहिले असते आणि मी आयुष्यभर त्यांच्यावर धुमसत राहिलो असतो, हेही मला दिसत होतं. म्हणून मी वेळ काढायला बोलू लागलो. म्हणालो, "हा वाजंत्रीच होता, दादा. मोठ्या घरचा वाजंत्री. मालकाने दिलेला गणवेश घालायचा, नोकरांच्या पंगतीत जेवायचा. रोज मालकाच्या खोलीबाहेर उभं राहून विचारायचा, आज काय वाजवू?"

दादा काठीवर हात ठेवून होते. "मिळायचं काय?"

"पगार. वर सरपण, मेणबत्त्या, थोडी दारू."

"म्हंजे बलुतंच."

"बलुतंच." आणि मग मी त्यांना रजेची हकिगत सांगितली, बायकापोरं दूर, मालक सोडत नाही, आणि एकेकाने वाजवणं थांबवून निघून जाणं. दादांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

"मालकानं मारलं न्हाई?"

"नाही. सोडलं घरी."

"लाव," ते म्हणाले. "कवा उठतेत ते बघू."

मी शेवटचा भाग लावला. दादा डोळे मिटून बसले. मी त्यांना कधी असं ऐकताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "ही सनई हाय."

"सनईसारखंच वाद्य. तोंडात पत्ती धरूनच वाजवतात."

"मला सांगून राहिला का?" ते पुटपुटले. मग एकदम डोळे उघडून म्हणाले, "थांबली! सनई थांबली."

"हो. तो सनईवाला पहिल्या निघणाऱ्यांतला."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत. एकेक आवाज कमी होत गेला, तसे ते बोटाने मोजल्यासारखे टेपकडे बघत राहिले. शेवटी दोन व्हायोलिनं उरली.

"हे दोघं कामून मागं राहिले?"

"त्यातला एक तो स्वतः असायचा म्हणतात. ज्याने हे रचलं तो. सगळ्यांना वाटेला लावलं आणि स्वतः शेवटपर्यंत वाजवत राहिला."

 व्हायोलिनंही थांबली आणि कॅसेटीची नुसती खरखर ऐकू येऊ लागली.

"आमच्यातबी एक जन मागं राहिला हुता," ते म्हणाले. "संबळवाल्यानं संबळ ठेवलं. सूर धरनारा उठला. डफडंवाला उठला. तिघं सरळ मांडवापासून निघून गेले, मागं न बघता. एकानं वाजवलं. अक्षता पडेस्तोवर वाजवलं."

"पण दादा, पहिली सनई तर..."

"सनई उठलीच न्हाई." ते माझ्याकडे बघत नव्हते. "नवरी लहान हुती रे. समदं थांबलं तशी भेदरली. माह्याकडं बघून राहिली. म्हनलं, हिचा काय गुन्हा? दुसऱ्या दिवशी फोडली सनई, चावडीपुढं. लोकायनी फोडलेली बघितली आन् तिथून पुढची गोष्ट त्यायनी केली. हार घालून राहिले. मी न्हाई म्हनलो न्हाई."

मला त्या वाजवण्याची लाज वाटली नाही. दादा मला इतके आपले याआधी कधीच वाटले नव्हते, आणि हे तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "साडेपाचची गेली असेल आता."

"जाऊ दे," दादा म्हणाले. "परत लाव. सनई उठती तिथून."